प्रतिद्रव्याचा पंचनामा

नोव्हेंबर २०१०मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतल्या ‘अल्फा’ गटाने जगापुढे एक आकडा ठेवला : ३८. प्रतिहायड्रोजनचे एवढे अणू त्यांनी चुंबकीय सापळ्यात अडकवून ठेवले होते. त्यासाठी प्रयोग ३३५ वेळा करावा लागला. म्हणजे आठ-नऊ खेपांमागे जेमतेम एक अणू, आणि तोही सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यापुरता. गाजावाजा सापळ्याचा झाला, आणि तो रास्तच होता. पण तो शोधनिबंध वाचताना माझं मन भलत्याच प्रश्नात अडकलं. अडतीसच कशावरून? एकोणचाळीस का नाहीत? आणि मुळात एक तरी होता, हे कशावरून?

प्रश्न खवचट वाटेल, पण त्यात तथ्य आहे. हा अणू डोळ्यांना दिसत नाही. सापळ्यात असतो तेव्हा तो कसलीच वर्दी देत नाही. बाहेर काढून तपासावा, तर ज्या भांड्यात काढायचा ते भांडं साध्या द्रव्याचं, आणि त्याला स्पर्श झाला की अणू संपला. त्याच्या असण्याचा पुरावा मिळतो तो त्याच्या संपण्यातूनच, आणि तो टिपण्याचं काम सापळ्याभोवती गोलाकार मांडलेल्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या करतात. प्रतिद्रव्याच्या संशोधनावर मराठीतही थोडंफार लिहिलं गेलं आहे, पण डिरॅकचं समीकरण आणि विश्वाच्या जन्माचं कोडं यांपलीकडे ते सहसा जात नाही. या लेखात मला त्या चकत्यांबद्दल सांगायचं आहे.

थोडी पूर्वपीठिका मात्र टाळता येत नाही. पॉल डिरॅकने १९२८मध्ये इलेक्ट्रॉनसाठी समीकरण मांडलं. त्यातून वस्तुमान तेवढंच पण विद्युतभार उलटा, अशा जोडीदाराची शक्यता निघाली. १९३२मध्ये कार्ल अँडरसनला विश्वकिरणांत तो सापडला, तोच पॉझिट्रॉन. प्रोटॉनच्या जोडीदारासाठी १९५५पर्यंत थांबावं लागलं. बर्कलेच्या बेव्हाट्रॉन यंत्रावर चेंबरलेन, सेग्रे, वीगांड आणि इप्सिलांटिस यांनी प्रतिप्रोटॉन शोधला, आणि यांतल्या पहिल्या दोघांना १९५९चं नोबेल मिळालं. साध्या हायड्रोजनमध्ये प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन असतो. प्रतिहायड्रोजनमध्ये प्रतिप्रोटॉनभोवती पॉझिट्रॉन.

मधल्या काळात केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या एका मुंबईकर तरुणाने पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला तर काय होईल, याचा हिशेब केला. दोघं एकमेकांची वाट नुसतीच वळवतील, किंवा आधी नाहीसे होऊन पुन्हा जन्म घेतील. या दोन्ही शक्यता होमी भाभांनी एकत्र धरल्या. १९३६मध्ये प्रसिद्ध झालेलं ते गणित आज ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणून ओळखलं जातं. १९९०च्या दशकात सर्नच्या ‘लेप’ यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे झोत एकमेकांवर सोडले जात. त्यांच्या टकरी नेमक्या किती, हे मोजण्यासाठी भाभा प्रकीर्णनाच्या घटनाच गणल्या जात, आणि ‘ओपल’ प्रयोगात हे गणण्याचं काम सिलिकॉन आणि टंगस्टन यांच्या थरांचा शोधक करत असे. आपल्याकडे भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते, हे मला नेहमीच थोडं अन्यायाचं वाटत आलं आहे.

आता विलोपनाकडे वळू. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटले की मामला स्वच्छ असतो. दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णालयातलं पेट स्कॅन याच तत्त्वावर चालतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते २००२पासून आहे. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉनची गाठ पडली की मात्र सगळा राडा. दोघंही क्वार्कांनी बनलेले, त्यामुळे दोघांची मिळून १,८७६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेर पडते ती मुख्यतः पायॉन नावाच्या कणांच्या रूपात. सरासरीने पाच पायॉन. त्यांतले तीन विद्युतभारित, दोन उदासीन. उदासीन पायॉन जवळजवळ जागच्या जागीच गॅमा किरणांत विरून जातात. भारित पायॉन मात्र भांड्याची भिंत आणि चुंबकाची वेटोळी भेदून बाहेर येतात.

म्हणून शोधकाचं काम पंचनाम्यासारखं आहे. घटना कोणी पाहिलेली नाही, मामला मिटून गेला आहे, आणि पळून जाणाऱ्यांच्या वाटांवरून तो कुठे आणि केव्हा घडला हे ठरवायचं आहे.

सिलिकॉन इथे का उपयोगी पडतो? साधारण तीनशे मायक्रॉन जाडीची शुद्ध सिलिकॉनची चकती घ्या. तिच्यावर उलटा विद्युतदाब लावला की आतला मोकळा विद्युतभार बाहेर खेचला जातो आणि चकती विजेच्या दृष्टीने रिकामी होते. त्यातून पायॉन आरपार गेला की वाटेत थोडी ऊर्जा सांडतो. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली एक पोकळी एवढी जोडी तयार करायला, सरासरी फक्त ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे तेवढ्याशा वाटेत वीसेक हजार जोड्या तयार होतात. आकडा फुशारकी मारण्याजोगा नाही, पण चांगल्या प्रवर्धकाला तो पुरतो. चकतीच्या पृष्ठभागावर बारीक पट्ट्या कोरलेल्या असतात. ज्या पट्टीवर भार जमला तिने आपला क्रमांक सांगायचा. चकतीच्या एका अंगाला पट्ट्या उभ्या आणि दुसऱ्या अंगाला आडव्या असल्या, की दोन क्रमांकांवरून छेदबिंदू कळतो. असे तीन थर एकाबाहेर एक लावले की प्रत्येक पायॉनच्या वाटेवर तीन बिंदू मिळतात. चुंबकीय क्षेत्रामुळे ही वाट किंचित वळलेली असते. त्या वाटा उलट ताणत गेलं की जिथे त्या एकत्र येतात, तो विलोपनाचा उगमबिंदू.

अल्फाचा पहिला शोधक लिव्हरपूल विद्यापीठात बांधला गेला. त्यात साठ दुहेरी चकत्या होत्या आणि तीस हजारांवर पट्ट्या. हे वाचल्यावर वाटतं की आता उगमबिंदू केसाच्या जाडीइतका नेमका कळत असेल. प्रत्यक्षात कळतो तो काही मिलिमीटर इकडे-तिकडे. कारण चकत्या निर्वातकक्षाच्या आणि चुंबकाच्या बाहेर आहेत, आणि तिथवर पोचेपर्यंत पायॉन धातूच्या थरांतून ठेचकाळत येतात. बिचाऱ्या सिलिकॉनचा त्यात दोष नाही.

पण २०१०च्या त्या निबंधाला मिलिमीटर पुरेसे होते. त्याची खरी करामत खोटे साक्षीदार बाद करण्यात होती, आणि ती मला आजही वाखाणण्याजोगी वाटते.

खोटा साक्षीदार पहिला : विश्वकिरण. वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मलेले म्युऑन आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक या हिशेबाने जात असतात. ते अल्फाच्या चकत्यांतूनही जातात. मात्र म्युऑन आरपार जातो, म्हणून त्याची वाट एका बाजूने शिरून दुसरीकडून सरळ बाहेर पडलेली दिसते. विलोपनाच्या वाटा एका बिंदूतून फुटलेल्या असतात. कोणती घटना स्वीकारायची आणि कोणती टाकायची, याचे निकष गटाने आधीच ठरवून टाकले, तेही वेगळ्या नमुन्यांवर. सापळ्यातली माहिती पाहून निकष सोयीचे करून घ्यायला वाव ठेवला नाही. शिवाय घड्याळ मदतीला होतं. अतिवाहक चुंबक काही मिलिसेकंदांत बंद करायचे आणि पुढच्या फक्त तीस मिलिसेकंदांत आलेल्या घटना मोजायच्या. एवढ्या चिंचोळ्या खिडकीत विश्वकिरण शिरून निकषांनाही चकवील, असं ३३५ प्रयोगांत मिळून अर्ध्याहूनही कमी वेळा घडायला हवं होतं. मोजल्या गेल्या ३८ घटना.

दुसरा साक्षीदार जास्त कावेबाज. सापळ्यात प्रतिहायड्रोजनऐवजी सुटे प्रतिप्रोटॉनच चुंबकीय क्षेत्रात अडकून राहिलेले असले तर? तेही भिंतीवर आदळून अगदी असेच पायॉन सोडतील. सिलिकॉनला दोघांतला फरक कळण्याचं काहीच कारण नाही. यावरचा तोडगा सुंदर होता. चुंबक बंद करताना सापळ्यात विद्युतक्षेत्र लावायचं, कधी डावीकडे ओढणारं तर कधी उजवीकडे. प्रतिप्रोटॉन भारित आहेत, त्यामुळे त्यांच्या विलोपनाची जागा क्षेत्राप्रमाणे सरकेल. प्रतिहायड्रोजन उदासीन आहे. त्याला या ओढाताणीचा पत्ताही लागणार नाही. उगमबिंदू सरकले नाहीत. भरीला गटाने पॉझिट्रॉन मुद्दाम तापवून तोच प्रयोग करून पाहिला. तापलेल्या पॉझिट्रॉनपासून सापळ्यात बसतील एवढे थंड अणू होऊ शकत नाहीत, आणि तसंच झालं : घटना जवळपास नाहीशा झाल्या. बाकी सगळं यंत्र जसंच्या तसं होतं.

हे तंत्र एका दिवसात आलेलं नव्हतं. २००२मध्ये ‘अथीना’ प्रयोगाने पन्नास हजारांहून अधिक थंड प्रतिहायड्रोजन अणू तयार केले तेव्हा सिलिकॉनच्या पट्ट्यांबरोबर सिझियम आयोडाइडचे १९२ स्फटिकही लावले होते. एकाच क्षणी, एकाच जागी, पायॉनही निघाले आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमाही निघाले, तर प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन एकत्र संपले, असा तो दुहेरी पुरावा. त्या वेळी अणू पकडून ठेवायची सोय नव्हती.

पुढची वाटचाल वेगाने झाली. २०११मध्ये अल्फाने अणू एक हजार सेकंद टिकवून दाखवले. २०१६मध्ये प्रतिहायड्रोजनवर लेसर टाकून त्याच्या वर्णपटातलं एक महत्त्वाचं संक्रमण पाहिलं, आणि २०१८मध्ये तेच एक लाख कोटीत दोन भाग इतक्या अचूकतेने मोजलं. साध्या हायड्रोजनशी ते जुळलं. अशा प्रयोगांतही शेवटचा शब्द सिलिकॉनचाच असतो : लेसरचा रंग बरोबर जमला की अणू सापळ्यातून निसटतात, भिंतीवर संपतात, आणि चकत्या तेवढी मोजणी करतात. २०२३मध्ये ‘अल्फा-जी’ने प्रतिहायड्रोजन पृथ्वीकडेच पडतो हे दाखवून दिलं. तिथे मात्र सापळा उभा आणि दोन मीटरांहून लांब, म्हणून सिलिकॉनऐवजी वायूने भरलेला शोधक वापरला. सिलिकॉनवर लेख लिहितोय म्हणून हे लपवायचं कारण नाही.

इथून गोष्ट दुसऱ्या वळणावर जाते. आतापर्यंत विलोपन एकीकडे आणि सिलिकॉन दुसरीकडे, असा प्रकार होता. सर्नच्या त्याच दालनातल्या ‘एजिस’ या गटाला हे अंतर परवडणारं नव्हतं. बंगळूरची रामन रिसर्च इन्स्टिट्यूटही या गटात आहे. त्यांना प्रतिहायड्रोजनचा झोत आडवा सोडून तो वाटेत किती झुकतो हे मोजायचं आहे. हिशेब करून पाहा. अणूचा वेग सेकंदाला पाचशे मीटर आणि वाट एक मीटर लांब धरली, तर प्रवासाला दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तो साध्या गुरुत्वाकर्षणाने पडणार वीस मायक्रॉन. काही मिलिमीटरांच्या अचूकतेने वीस मायक्रॉन मोजता येत नाहीत. तेव्हा अणू थेट सिलिकॉनवरच आदळू द्यायचा आणि विलोपन त्याच्या अंगावर घडवून आणायचं.

मग चित्र पार बदलतं. प्रतिप्रोटॉन सिलिकॉनच्या अणुकेंद्रकाजवळ पकडला जातो आणि केंद्रकाच्या काठावरच्या प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनबरोबर संपतो. निघालेल्या पायॉनांपैकी काही बाहेर जातात, काही त्या केंद्रकातच घुसून त्याच्या चिरफळ्या उडवतात. प्रोटॉन, अल्फा कण आणि त्याहून जड तुकडे उसळतात. त्यांच्या वाटा आखूड पण ठसठशीत, कारण जड आणि संथ कण वाटेत ऊर्जा भरभरून सांडतो. बिंदूतून फुटलेल्या रेषांची अशी एक चांदणी उमटते.

या चांदण्या नव्या नाहीत. प्रतिप्रोटॉन सापडला त्याच सुमारास बर्कलेच्या झोतात ठेवलेल्या फोटोग्राफिक इमल्शनच्या थरांत त्या पहिल्यांदा दिसल्या. इमल्शन म्हणजे जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक कण. भारित कण गेला की त्याची वाट धुतल्यावर काळी उमटते. ब्रिस्टलला सेसिल पॉवेलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली असे थर तासन्‌तास न्याहाळण्याचं काम स्त्रिया करत, आणि १९४७मध्ये पायॉनचा शोध त्यातूनच लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९५०च्या दशकात बर्नार्ड पीटर्स यांच्या काळात इमल्शनवर मोठं काम झालं. त्याही आधी कलकत्त्याच्या विभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत थर ठेवून विश्वकिरण टिपले होते. विभाताई पुढे याच संस्थेत आल्या.

एजिसनेही सुरुवातीला इमल्शनच वापरलं. २०१४मध्ये त्यांनी दोन बारीक जाळ्यांतून प्रतिप्रोटॉन सोडून सुमारे दहा मायक्रॉनचं सरकणं मोजलं, अवघ्या १४६ प्रतिप्रोटॉनांवर. इमल्शन मायक्रॉनच्याही खालचं दाखवतं. पण त्याला कोणता कण केव्हा आला हे सांगता येत नाही. शिवाय निर्वातकक्षातून काढा, धुवा, सूक्ष्मदर्शकाखाली वाचा, मग कळणार झोत सरळ होता की वाकडा. यंत्र जुळवताना ही वाट पाहणं जीवघेणं ठरतं. म्हणून गटाने वेगवेगळे सिलिकॉन शोधक पारखायला घेतले : पट्ट्यांचे, चौकोनी पिक्सेलचे, मोठ्या टकरयंत्रांसाठी घडवलेले. लगेच उत्तर द्यायचं काम ते उत्तम करत, पण त्यांचा पिक्सेल बहुधा पन्नास-शंभर मायक्रॉनचा.

एक मायक्रॉनहून लहान पिक्सेलचं सिलिकॉन मग कुठे मिळतं? बाजारात, मोबाइलमध्ये. म्युनिक तंत्र विद्यापीठाच्या संशोधन-अणुभट्टीतले फ्रांचेस्को ग्वातिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातले ६४ मेगापिक्सेलचे संवेदक घेतले. या जातीच्या संवेदकाला घडवण्यात १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या एरिक फॉसम यांचा मोठा वाटा. अंतराळयानासाठी केलेलं काम सेल्फीपर्यंत पोचलं आणि आता प्रतिद्रव्याकडे आलं आहे. विकतचा संवेदक आहे तसा मात्र चालत नाही. प्रतिप्रोटॉन इतके मंद असतात की सिलिकॉनमध्ये शिरले तर पहिल्या मायक्रॉनभरातच थांबतात. संवेदकावर फोनच्या सोयीसाठी चढवलेले थर तसेच राहिले, तर विलोपन त्या थरांतच घडून जायचं. म्हणून वरचे थर काढून टाकावे लागले. त्यात नाजूक कारागिरी किती गेली असेल, हे फोनची काच बदलताना कॅमेरा घालवून बसलेल्या कोणालाही कळेल.

एप्रिल २०२५मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये निकाल आला. विलोपनाची जागा सुमारे ०.६ मायक्रॉनच्या अचूकतेने, तीही ताबडतोब; आधीच्या तत्काळ पद्धतींहून पस्तीसपट बारीक. असे साठ संवेदक जोडून ‘ओफानिम’ नावाचा शोधक तयार झाला आहे : ३,८४० मेगापिक्सेल.

या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र संवेदकाची नाही. चांदणीचा मध्यबिंदू नेमका कुठे, हे संगणकाच्या कोणत्याही आज्ञावलीला पुरेसं नीट सांगता येईना. शेवटी गटातल्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांवर प्रतिमा स्वतः पडद्यावर पाहून बोटाने दाखवावं तशा बिंदूंवर खुणा केल्या. त्यात एकेकाचे दहा-दहा तास गेले, आणि त्यांच्या नजरेचा निकाल आज्ञावलींहून सरस ठरला. ब्रिस्टलच्या त्या स्त्रियांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. त्यांचं नाव मात्र शोधनिबंधांच्या माथ्यावर क्वचितच आलं. एजिसच्या प्रतिमा पाहणारे निदान लेखकांच्या यादीतले सहकारी होते, एवढी सुधारणा सत्तर-पंचाहत्तर वर्षांत झाली म्हणायची.

सिलिकॉनचे शोधक आपल्याकडे होतच नाहीत, असा समज असेल तर तो काढून टाकावा. सर्नच्या सीएमएस प्रयोगातल्या ‘प्रीशॉवर’ शोधकासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढाकार घेतला आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सुमारे एक हजार सिलिकॉन संवेदक तयार झाले. प्रत्येक ६३ मिलिमीटरचा चौकोन, त्यावर बत्तीस पट्ट्या. २०१७पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे. तेव्हा अंगात कसब नाही ही सबब चालणार नाही. प्रतिद्रव्याच्या दालनात मात्र आपली उपस्थिती अजून तुरळक आहे.

एजिसचं मूळ काम अजून पुढे आहे. प्रतिहायड्रोजनचं झुकणं एक टक्का अचूकतेने मोजायचं तर वीस मायक्रॉनचा एक टक्का, म्हणजे ०.२ मायक्रॉन, हातात यायला हवा. एकेका घटनेतली चूक ०.६ मायक्रॉनची असली तरी पुष्कळ घटनांची सरासरी घेऊन तिथवर जाता येतं. हे साधं संख्याशास्त्र आहे. पण त्यासाठी पुष्कळ अणू हवेत, ते मंद आणि थंड हवेत, आणि एकाच दिशेने निघायला हवेत. बरेचसे तर वाटेतल्या जाळ्यांवरच संपणार. प्रतिहायड्रोजन घडवण्यासाठी हा गट प्रतिप्रोटॉन पॉझिट्रोनियमशी, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीशी, भिडवतो, आणि २०२४मध्ये त्यांनी पॉझिट्रोनियम लेसरने ३८० केल्विनवरून १७० केल्विनपर्यंत थंड केलं, ते याच तयारीचा भाग म्हणून. मोजणारा तयार आहे. मोजायला पुरेसे अणू अजून तयार नाहीत.